तारेवरचं कुंकू

या बाई, अशा पुढं येऊन बसा. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, असं उभं राहून कुणी ऐकत असतं का? आणि ती खोबरेल तेलाची बाटली आधी लांब ठेवा बघू. तुम्हालाच म्हणतेय. किती वर्षं सांगतेय, शिलाई मशीनला खोबरेल घालू नका म्हणून. केसांना घाला, मशीनला नको. थंडी पडली की ते आत थिजतं, मशीन जड होतं, आणि मग तुम्ही येऊन म्हणता, ‘मावशी, बघा की हो, मशीन रुसलंय.’ मशीन कधी रुसत नाही. तुम्हीच त्याची दातखीळ बसवलेली असते.

मी सुमन. पण सोलापुरात, आमच्या पूर्व भागात, या नावानं मला कुणी हाक मारत नाही. सगळ्यांची मी मशीनवाली मावशी. चाळीसेक वर्षं शिलाई मशीन दुरुस्त केली. माहेर मोडनिंबचं, शाळा चौथीपर्यंत. हे काम मला कुणी शिकवलं नाही. माझंच मशीन बंद पडलं, मिस्त्री ‘उद्या येतो’ म्हणून आठ दिवस आला नाही, तेव्हा गोणपाट अंथरलं आणि मीच खोललं. जो स्क्रू निघेल तो ओळीत मांडत गेले, आणि उलट्या क्रमानं परत लावत आले. शेवटी दोन स्क्रू उरले. मशीन मात्र चाललं. ते दोन कुठले होते, मला आजवर कळलेलं नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, ‘मावशी, तुमच्या कामातल्या गमती लिहा.’ गमती आहेत की. पण गमतीच्या मागं एक गोष्ट दडून बसलीय, ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायला तोंड उघडत नाही. म्हणून लेख मुद्दाम उशिरा देतेय. खंडेनवमी होऊन जाऊ दे म्हटलं. का, ते शेवटी कळेल.

खंडेनवमी म्हणजे आमच्याकडं हत्यारांचा सण. त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही. धुवायचं, पुसायचं, पूजा करायची. प्रत्येकानं आपापल्या हत्याराला कुंकू लावायचं. सुताराची करवत, न्हाव्याची कात्री, शिलाईवालीचं मशीन. आणि बायकांची भक्ती अशी उतू जाते की बोटभर टिळा लावायच्या ऐवजी मूठभर हळदकुंकू मशीनवर ओततात. वर झेंडूच्या पाकळ्या, वर नारळाचं पाणी. ते सगळं तेलात कालवून खाली, बॉबिन बसते त्या शटलमध्ये उतरतं. दसरा झाला की सकाळपासून माझ्या दारात मशीनची रांग. एकीच्या मशीनमधून मी अख्खं झेंडूचं फूल काढलं होतं. म्हटलं, ‘बाई, देवाला नमस्कार बाहेरून करतात, त्याच्या पोटात शिरून नाही.’

या धंद्यात एक गोष्ट मी लवकर शिकले. मशीन कुणी बिघडवलं हे कळलं तरी बोलायचं नाही. एक सून होती, ब्लाऊज फार सुरेख शिवायची. तेच मशीन तीनदा घेऊन आली. टाके सुटतात म्हणून. मी नीट करून द्यायची, आठ दिवसांनी परत हजर. शेवटी मी त्यांच्या घरी गेले. सासूबाईंनी चहा आणून दिला, तेव्हा त्यांच्या अंगठ्याच्या नखात मशीनच्या तेलाची काळी रेघ दिसली. सून पाण्याला गेली की त्या धाग्याचा ताण धरणारा स्क्रू हळूच सैल करायच्या. मशीन मुळात त्यांचं. त्यावर शिवून त्यांनी घर चालवलेलं. आता हात कापायला लागले, आणि गल्लीतल्या बायका सुनेचं नाव घेत यायला लागल्या. मी कुणाला काही बोलले नाही. सुनेला एवढंच म्हटलं, ‘जुनं मशीन आहे बाई, त्याला ओळखीचा हात लागतो. रोज सकाळी पहिला धागा सासूबाईंकडून ओवून घेत जा.’ त्यानंतर ते मशीन कधी बिघडलं नाही.

दुसऱ्याच्या घरातलं मला असं चटकन कळायचं. स्वतःचं कळायला तीस वर्षं गेली.

त्याचं असं झालं. यंदा इथल्या एका शाळेतून दोन शिक्षिका घरी आल्या. मुलांची भाषणाची स्पर्धा ठेवली होती. विषय होता, सगळ्या काळातला सगळ्यात थोर शोध लावणारा माणूस कोण. ‘मावशी, परीक्षक म्हणून या.’

‘अहो, मी चौथी शिकलेली बाई.’

‘म्हणूनच या. यंत्रातलं कळणारी दुसरी बाई आम्हाला गावात माहीत नाही.’

आता एवढं म्हटल्यावर माणूस फुगणारच की. इस्त्रीची साडी नेसून गेले. टेबलामागं आम्ही तिघं. एक निवृत्त प्राध्यापक, एक इंजिनिअर साहेब, आणि मी. पुढ्यात गुण द्यायचे कागद.

मुलं एकेक करून बोलली. कुणी विजेचा दिवा घेतला, कुणी वाफेचं इंजिन, कुणी देवीची लस. एकीनं शून्याचा शोध लावणारा निवडला, तिचं मला लई कौतुक वाटलं. एक पोरगं म्हणालं, ज्यानं रविवारची सुट्टी शोधून काढली त्याच्याएवढा थोर कुणी नाही. हॉल हसला, मीही हसले, चार गुण जास्त दिले. मग चष्मा लावलेला एक मुलगा आला. त्यानं चाक घेतलं. म्हणाला, ‘ज्यानं पहिलं चाक केलं त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. पण बैलगाडी, रेल्वे, घड्याळ, सगळं त्याच्यामुळं फिरतंय. नाव नसलेला माणूस थोर असू शकत नाही का?’

छान बोलला. मी पेन उचललं, तेवढ्यात पुढच्या मुलीचं नाव पुकारलं. आफरीन, इयत्ता आठवी.

ती सरळ माझ्याकडं बघत बोलायला लागली. ‘मी निवडलेली व्यक्ती पुस्तकात नाही. ती आज या टेबलामागं बसलीय. माझी नानी टॉवेल शिवायची. मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली. मग मशीनवाल्या मावशींनी सुईच्या पुढं एक तार बसवली. त्या दिवसापासून नानीच्या कारखान्यात कुणाच्या बोटात सुई गेली नाही. दिव्यानं जगात उजेड पडला असेल. पण नानीचं बोट राहिलं म्हणून माझी आई शाळेत गेली, आणि म्हणून मी इथं उभी आहे.’

टाळ्या थांबेनात. प्राध्यापक माझ्याकडं वळून हात जोडत होते. माझ्या हातातलं पेन खाली पडलं ते मी उचललंच नाही.

आता तुम्हाला ती तार सांगायला पाहिजे.

पायानं चालवायचं मशीन असतं ना, त्यात पाय थांबला की सुई थांबते. मशीनला मोटर लावली की तसं राहत नाही. पाय नुसता टेकवा, सुई धावत सुटते. आमच्या भागात टॉवेलच्या कडा शिवायचा एक कारखाना होता, आता नाही तो. मालकानं कुठून तरी जुनी मोटरची मशीन आणली होती. सगळ्या शिलाईवाल्या पायमशीनवर हात बसलेल्या. टॉवेलची कड दुमडून पुढं सरकवताना बोट सुईच्या अगदी तोंडाशी जातं. तिथंच घात व्हायचा. मी दुरुस्तीला आठवड्यातून दोन-तीनदा जायची.

एकदा मी तिथं असतानाच रजियाबी किंचाळली. ही आफरीनची नानी. सुई नखातून शिरून खाली निघालेली, बोट मशीनला खिळलेलं. बाया तिचा हात ओढायला धावल्या.

‘नक्को मावशी, नक्को खींचो!’ ती ओरडत होती.

मी सगळ्यांना मागं सारलं, मोटर बंद केली, आणि मशीनचं चाक हातानं हळूहळू फिरवलं. सुई वर येते तशी. ते अर्धं चाक फिरवायला मला जेवढा वेळ लागला तेवढा आयुष्यात कशालाच लागला नाही. बोट सुटलं. रजियाबी बेशुद्ध.

तिथं धागे कापायला एक बाई बसायची. टॉवेल शिवून झाला की लोंबणारे धागे छोट्या कात्रीनं कापायचे, हे तिचं काम. नाव नरसम्मा, तेलुगू विणकर घरातली. सगळ्या तिला नरसक्का म्हणायच्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. त्या कारखान्यात मला ‘सुमन’ म्हणणारी ती एकटीच.

रजियाबीला दवाखान्यात नेल्यावर नरसक्कानं मला बोलावलं. ‘सुमन, इटू रा. इकडं ये. खाली बस माझ्यापाशी.’

‘कशाला गं? फरशी गार हाय.’

‘बस म्हणते ना. समोर बघ. काय दिसतंय?’

‘सुई दिसतीय.’

‘तुमी सगळ्या वरनं बघता. वरनं कापड दिसतंय. मी रोज हितनं बघते. हितनं सुई दिसती आणि बोट दिसतंय. दोघांत काईच न्हाय बघ. मोकळं रान.’

मी बघितलं. तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून खरंच तसं दिसत होतं. इतकी वर्षं मशीनवर वाकले होते, पण तिथून कधी बघितलंच नव्हतं.

‘माझ्या नायनाचा डोळा धोट्यानं गेला,’ ती म्हणाली. नायना म्हणजे वडील. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळणारा लाकडी तुकडा. तो कधी कधी उडतो. ‘मग मागावर धोट्याच्या पुढं आडवी सळी लावली. डोळा गेल्यावर लावली हं, आधी न्हाय. मग सुईपुढं का लावू नये? अजून किती बोटं जायची वाट बघायची?’

दुसऱ्या दिवशी ती मोडकी छत्री घेऊन आली. छत्रीची काडी लवते पण मोडत नाही, हे तिनंच हेरलेलं. माझी पकड घेतली आणि गुडघ्यावर काडी वाकवायला बसली. पहिली तार सुईच्या फार जवळ आली. सुई ताडकन मोडली, तुकडा माझ्या गालावर. दुसरीत कापड अडकायला लागलं. तिसरी फार रुंद, बोट आरामात आत जायचं. घरची छत्री संपली, मग शेजारणीची आणली. त्या पावसाळ्यात तिचा नवरा डोक्यावर पोतं घेऊन कामाला जायचा.

‘अक्का, भावजी काय म्हणतात?’

‘काय म्हणतोय! म्हणतोय, सुईला छत्री झाली, मला न्हाय.’

पाचवी की सहावी तार बसली. कानातल्या रिंगेसारखी गोल वाकवलेली. कापड खालून जायचं, बोट अडायचं. मी फक्त ती तार कापड दाबणाऱ्या पायाच्या दांड्याला पकडून ठेवायला एक पत्र्याची पट्टी आणि स्क्रू बसवला. तार तिची, पट्टी माझी. हिशेब एवढाच आणि सरळ आहे.

त्या वर्षी खंडेनवमीला शिलाईवाल्यांनी आपापल्या मशीनला कुंकू लावलं. नरसक्काकडं मशीन नव्हतं. दरवर्षी ती आपल्या कात्रीला टिळा लावायची. त्या वर्षी कात्रीला लावून झाल्यावर ती वाटी घेऊन उठली, आणि रजियाबीच्या मशीनच्या तारेवर बोट टेकवलं. एवढासा ठिपका. म्हणाली, ‘हे पण माझंच हत्यार.’ बाया हसल्या. ती नाही हसली.

मग ती तार मी बाकीच्या मशीनला लावली. मग दुसऱ्या कारखान्यात. अक्कलकोटपर्यंत गेले मी ती तार लावत. लोक विचारायचे, ‘मावशी, हे काय नवीन?’ पहिल्यांदा मी सांगितलं, नरसक्काची कल्पना. दुसऱ्यांदाही सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी मालक म्हणाला, ‘कोण नरसक्का?’ मग कारखाना सांगा, ती काय करते ते सांगा, धागे कापणाऱ्या बाईला कसं सुचलं ते सांगा. त्याला ऐकायचं नव्हतं, मला दुसरीकडं जायचं होतं. चौथ्या ठिकाणी मी सांगितलं नाही. असंच झालं बघा. कुणाचं काही चोरायचं असं ठरवून मी घरातून निघाले नव्हते. लोक ‘मावशीची तार’ म्हणायला लागले आणि मी ओ द्यायला लागले.

पुढं इथल्या बायकांच्या एका मंडळानं माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ. कारखान्यातल्या सगळ्या बाया आल्या होत्या. नरसक्का तिसऱ्या ओळीत, डोक्यावर पदर घेऊन. निवेदन करणाऱ्या बाईंनी माईक माझ्यापुढं धरला. ‘मावशी, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?’

मी नरसक्काकडं बघितलं. तीही माझ्याकडं बघत होती. रागानं नाही हो. कुणी आपलं नाव पुकारणार असलं की माणूस जसं थोडं सावरून बसतं ना, तशी बसली होती. पदर नीट करून.

मी म्हटलं, ‘बायांची बोटं बघवेनात, म्हणून सुचलं.’

टाळ्या झाल्या. तिनंही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. मनात म्हणत होते, ती भांडली तर बरं होईल. ती धागे कापत होती. वर बघून म्हणाली, ‘शाल चांगली हाय. उबदार हाय का हो मावशी?’

मावशी. त्या दिवसापासून तीही मला मावशी म्हणायला लागली. माझ्याहून मोठी बाई. भांडण नाही, तंडण नाही. चहा आला की माझ्यापुढं कप सरकवायची. पण परत कधी ‘सुमन, इटू रा’ म्हणाली नाही. आणि पुढच्या खंडेनवमीला तिनं वाटी घेतली, कात्रीला टिळा लावला, आणि वाटी खाली ठेवली. मशीनकडं वळून बघितलं नाही. मी तिथंच उभी होते.

काही वर्षांनी तिच्या मुलाला कुर्डुवाडीच्या रेल्वेच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ती तिकडं गेली. निरोपाला आली तेव्हा मी हळदकुंकू लावलं. ‘येते मावशी,’ म्हणाली. कुर्डुवाडी काय लांब आहे? गाडीत बसलं की तासाभराच्या आसपास. मी एकदाही गेले नाही. आधी काम आहे म्हणून, मग गुडघे दुखतात म्हणून.

मध्यंतरी एका दुकानात मी नवीन परदेशी मशीन बघितलं. त्याला तशीच तार होती, कंपनीतून बसवून आलेली. म्हणजे कुठं तरी लांब, कुणाला तरी हे आधीच सुचलं होतं. आता लाजच सोडलीय तर खरं ते लिहिते. ते बघून मला हलकं वाटलं. म्हटलं, चला, म्हणजे ती तिचीही नव्हती. मग माझं काय चुकलं? त्या समाधानावर मी बरीच वर्षं काढली.

आता परत शाळेत चला.

भाषणं संपल्यावर आम्हा तिघांना निकाल ठरवायला एका खोलीत बसवलं. चहा आला. इंजिनिअर साहेब म्हणाले, ‘मुलगी छान बोलली. पण मावशी, राग मानू नका. असा गार्ड बाहेरच्या मशीनवर कधीपासून असतो. याला शोध म्हणता येणार नाही.’

प्राध्यापक म्हणाले, ‘अहो, पण यांना कुठं ते माहीत होतं? ज्याला माहीत नसताना सुचतं, त्याच्यापुरता तो शोधच.’ मग माझ्याकडं वळले. ‘तुमची अडचण आम्हाला समजते. तुमचंच नाव आहे. तुम्ही या मुलीबद्दल काहीच बोलू नका. आम्ही दोघं ठरवतो.’

बघा, किती सोपं करून दिलं होतं त्यांनी. गप्प बसायला मला मोठेपणाचं कारण मिळालं होतं. चहा संपवायचा, बाहेर जायचं, शाल घ्यायची, घरी यायचं.

पण तो चष्मेवाला मुलगा माझ्या डोक्यातून जाईना. ज्यानं चाक केलं त्याचं नाव कुणाला माहीत नाही. बरं, नाही माहीत, त्याला कुणाचा इलाज नाही. पण ज्याचं नाव माहीत होतं आणि सांगितलं नाही, त्याचं काय? चाकवाल्याचंही असंच झालं असेल काय? शेजारीच कुणी तरी उभं असेल, ज्याला नाव माहीत होतं.

बाहेर आलो. शिक्षिकाबाईंनी माईक दिला. ‘मावशी, निकालाआधी दोन शब्द.’

मी उठले. टेबलाला धरून उभी राहिले. म्हटलं, ‘आफरीनचं भाषण चांगलं झालं. नाव तेवढं चुकलंय. चूक तिची नाही, माझी आहे. ती तार माझी नाही. नरसम्मा नावाच्या बाईची आहे. धागे कापायची ती. तिनं खाली बसून बघितलं म्हणून तिला दिसलं. मी नुसती पट्टी बसवली. मागं माझा सत्कार झाला तेव्हा ती समोर बसली होती आणि मी तिचं नाव घेतलं नाही.’

मला वाटलं पोरं हसतील, किंवा शिक्षिका मला खाली बसवतील. आफरीन पहिल्या ओळीत होती. तिचा चेहरा पडला होता. तिनं निवडलेला माणूस तिच्यासमोर खोटा निघाला होता की. मग ती उठली आणि म्हणाली, ‘बाई, मला माझ्या भाषणातलं एक वाक्य दुरुस्त करायचंय.’ माईक घेतला. ‘मी निवडलेली व्यक्ती इथं बसलेली नाही. तिचं नाव नरसम्मा.’ एवढंच बोलून खाली बसली.

पहिला नंबर चाकाला गेला, दुसरा आफरीनला. मला ते बरोबर वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रजियाबी घरी आली, आफरीनला घेऊन. बोट पुढं करून दाखवलं. नख वाकडं उगवलंय, पण बोट आहे. मी म्हटलं, ‘रजिया, तू तर तिथंच होतीस. पोरीला माझं नाव का सांगितलंस?’

‘सब मावशी की तारच बोलते थे, मैं बी वैसाच बोली,’ ती म्हणाली. ‘मालूम तो सबकू था.’

‘सगळ्यांना? मग मला कुणी बोललं का नाही?’

तिनं बोट पदराखाली घेतलं. मग म्हणाली, ‘तुमना बोलते तो हमारी मशीन कौन सुधारता, मावशी?’

बायांनो, हे मला सगळ्यात लागलं. मला वाटायचं, माया करतात म्हणून सगळ्या मावशी म्हणतात. माया होतीच. पण तोंड बंद ठेवायचं शिकलेली मी एकटी नव्हते.

रजियाबीकडं नरसक्काच्या मुलाचा नंबर होता. तिच्या समोरच फोन लावला. सुनेनं घेतला, मग म्हातारीला दिला.

‘कोण?’

‘सोलापुरातनं बोलतेय. सुमन.’

‘मशीनवाल्या मावशी का? बऱ्या हाव का?’

मी सगळं सांगितलं. शाळा, आफरीन, माईकवर काय बोलले ते. सत्काराचंही बोलले. चुकलं माझं अक्का, म्हटलं. पलीकडं मागं रेल्वेचा भोंगा वाजला, तो तेवढा ऐकू आला.

‘कुठली तार?’ ती म्हणाली. ‘मला काय आठवत न्हाय बगा. वय झालं. डोळ्यांनी बी नीट दिसत न्हाय.’

‘आठवत नसेल तर नसू दे. मी दिवाळी अंकात लिहिणार आहे. तुझं नाव घालून.’

‘लिवा की. ठेवते आता.’

मी फोन कानालाच धरून बसले होते. ती ठेवते म्हणाली, पण ठेवला नाही. मग म्हणाली, ‘छत्रीचीच काडी लावतीस न्हवं अजून? का बाजारातनं साधी तार आणतीस? ती लवत न्हाय, सुमन.’

रजियाबीनं फोनजवळ तोंड नेऊन सांगितलं, ‘छत्रीकाइच है अक्का, छत्रीकाइच.’ म्हणजे छत्रीचीच.

मग मी म्हटलं, ‘अक्का, मी येते कुर्डुवाडीला.’

‘तू येऊन काय करतीस? मशीन तिकडं, तार तिकडं. बगायची तर मीच याला पायजे. गुडगं जरा बरं झालं की बगू.’

त्याला आता काही महिने झाले. परवा खंडेनवमी झाली. माझ्या घरी एक जुनं मोटरचं मशीन आहे, त्या कारखान्यातलंच, तो बंद पडल्यावर मी आणलेलं. त्याला तिच्या हातानं वाकवलेली तार अजून आहे. मी सगळी हत्यारं पाटावर मांडली. पकडीला कुंकू लावलं, पेचकसांना लावलं, तेलाच्या कुपीला लावलं, मशीनच्या चाकाला लावलं. तारेला लावलं नाही. ते हत्यार माझं नाही. एवढं करून मगच हा लेख द्यायचा होता.

अक्का, तुला वाचता येत नसलं तरी सून हा अंक वाचून दाखवेल. वाचताना हितपर्यंत आली की तिला थांबायला सांग, आणि नीट ऐक. कुंकवाची वाटी मी देव्हाऱ्यात झाकून ठेवलीय. सकाळच्या गाडीनं सुनेला बरोबर घेऊन ये. स्टेशनवर मी उभी असेन, रजिया येणार म्हणतेय, तिची आफरीनही. घरी मशीनसमोर फरशीवर दोन गोणपाटं एकावर एक घातलीत, गार लागायची नाही. डोळ्यांना दिसत नसेल तर बोटानं चाचपून ठिपका लाव. मी शेजारी खाली बसते. गुडघे दोघींचेही दुखतात, आफरीन उठवेल आपल्याला. पण लवकर ये.